शब्बीरचा डबा

मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, बाब अल-बहरीनच्या वेशीपासून दोन गल्ल्या आत, रिकाम्या डब्यांचं एक दुकान होतं. रिकामे डबे विकून कुणाचं पोट भरतं का, असं गावाकडून नवा आलेला माणूस हटकून विचारायचा आणि शब्बीर त्याला हसायचा. बहरीनच्या हवेत उघड्यावर टिकेल अशी वस्तू अल्लाने अजून घडवलीच नाही, असं त्याचं मत होतं. दाराबाहेर समुद्राची दमट वाफ आणि दाराआत एसीचा कोरडा गारठा. बाहेर ठेवलं की बुरशी, आत ठेवलं की भुगा. मिठाईवाले, अत्तरवाले, मसालेवाले सगळे त्याच्याकडे यायचे. मालक अरब होता आणि दुकानात फारसा फिरकत नसे. कुठल्या मालाला पत्रा, कुठल्या मालाला काच, झाकण पेचाचं की दाबाचं, हे चौदा वर्षं शब्बीरच ठरवत आला होता. त्याला त्याचा गर्व होता. माणसाला कशाचा तरी गर्व असतो, याला डब्यांचा होता, एवढंच.

गावीही त्याची कीर्ती पोचली होती. दाभोळ खाडीच्या काठचा त्यांचा मोहल्ला. घरटी एक माणूस आखातात. कुणी रजा संपवून परत निघाला की शेवटच्या दोन दिवसांत त्याच्या पडवीत गावभरच्या पुड्या येऊन पडायच्या. कुणाच्या नवऱ्यासाठी सुकट, कुणाच्या लेकासाठी आमसुलं, तांदळाचे पापड, आंब्याचं लोणचं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पुढच्या वेळी आपल्या घरची पुडीही कुणीतरी नेणारच असे. पण सुकटीचा वास कपड्यांना लागायचा, लोणच्याचं तेल पासपोर्टवर सांडायचं. एका रजेत शब्बीर मशिदीच्या ओट्यावर बसला आणि त्याने सगळ्यांना डबा भरायला शिकवलं. काठोकाठ भरायचा, आत पोकळी ठेवायची नाही. झाकणाखाली चंदेरी कागद. वरून लाल चिकटपट्टीचे तीन वेढे, आणि पट्टीचं शेवटचं टोक आतल्या आत दुमडून त्याचा छोटा कान करायचा. कान धरून ओढलं की पट्टी अखंड निघते, सुरी लागत नाही. तेव्हापासून कुणाच्याही घरातून निघालेला तसा डबा ‘शब्बीरचा डबा’ झाला. नेणाऱ्याने तो उघडून बघायचा नाही, ती अमानत. बंद डबा उघडून बघणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. बहरीनला सगळे डबे शब्बीरच्या दुकानात पोचायचे आणि शुक्रवारच्या नमाजानंतर ज्याचा तो घेऊन जायचा.

त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये फराज दुकानात आला. त्यांच्याच मोहल्ल्यातला, झल्लाकच्या एका बीचवरल्या हॉटेलात वेटर. तिशीचा, केसांना जेल, बोलणं लोण्यासारखं. त्याने इकडचे तिकडचे चार डबे उचलून पाहिले आणि मग हळूच विषय काढला.

“शब्बीरभाय, हातान वळलेल्या सिगारेटी दोन महिने ताज्या ऱ्हावायला हव्यात. कशात ठेवू?”

“विकतची पाकिटं मिळतात की. हातानं वळायची हौस कशाला?”

“विकतच्यात ती पत्ती नाय मिळत.” फराज हसला. “हाटेलातल्या गोऱ्यांना लागते. प्लास्टिकमधे ठेवली तर ओलसर होते, कागदात ठेवली तर कुसकरते. तुला सोडून या अख्ख्या बहरीनमधे हा कुणाला कळणार?”

कुठली पत्ती, हे शब्बीरने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, त्याला त्याच क्षणी कळलं होतं. गावात पीराच्या उरुसाला येणारे फकीर चिलमीत ती भरायचे, तो वास त्याला लहानपणापासून ठाऊक होता आणि फराजच्या शर्टाला तो येतही होता. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला बजावत राहिला, की मला नक्की माहीत नव्हतं. पण ते खोटं होतं. त्याला माहीत होतं. त्याने ‘बाबा रे, या भानगडीत मना ओढू नको’ म्हणून फराजला बाहेर काढायला हवं होतं. पण फराजने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि वर चढल्यावर शब्बीरला खालचं काही दिसेना. चौदा वर्षं लोकांनी त्याला लाडवांचे आणि वेलदोड्यांचे प्रश्न विचारले होते. इतका नाजूक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. अती कोरडं चालत नाही, अती ओलं चालत नाही, दाबलं तर मोडतं, सैल ठेवलं तर हिंदकळून पत्ती गळते.

तो कामाला लागला. स्वतः बिडीसुद्धा न ओढणाऱ्या या माणसाने सुटा तंबाखू आणला, पातळ कागद आणला आणि दुपारी दुकान बंद असताना पंचवीस सिगारेटी वळल्या. पाच कागदी खोक्यात, पाच प्लास्टिकच्या पिशवीत, पाच काचेच्या बरणीत, पाच लाकडी पेटीत आणि पाच पत्र्याच्या डब्यात. बारा दिवस रोज प्रत्येकातली एक काढून बोटांत फिरवायचा, कानाशी नेऊन दाबायचा. फार कुरकुरली म्हणजे सुकली, आवाजच आला नाही म्हणजे दमटली. कागदातल्या चौथ्या दिवशी चुरा झाल्या. पिशवीतल्यांना घाम फुटला. लाकडाने स्वतःचाच वास दिला. काच उत्तम, पण काचेतून उजेड जातो आणि प्रवासात काच फुटते. पत्र्याचा डबा जिंकला. आतून चंदेरी कागद, प्रत्येक थरामध्ये कागदाची घडी, काठोकाठ भरलेला, आत हवेला जागाच नाही. बाराव्या दिवशीची सिगारेट पहिल्या दिवसासारखी होती. शब्बीर इतका खूश झाला की घरी नूरबानोला सांगायला तोंड उघडलं आणि मग जीभ चावून गप्प बसला. तिथेच त्याने शहाणं व्हायला हवं होतं. जी हुशारी बायकोला सांगता येत नाही, ती हुशारी कसली?

कसे भरायचे ते शिकून फराज दोन डबे घेऊन गेला. नोव्हेंबरात तो रजेवर गावी गेला आणि महिन्याने हात हलवत परत आला. शब्बीरने काही विचारलं नाही. विषय संपला असं त्याने धरून टाकलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, रमजानच्या तोंडावर, हारूनमामू रजेवरून परत यायचे होते. हारूनमामू नात्याने मामू नव्हते, अख्ख्या मोहल्ल्याचे मामू होते. मुहर्रकला शिंप्याच्या दुकानात अरबांचे तोब, ते पायघोळ पांढरे झगे, शिवायचे. अठ्ठावन्न वर्षांचे, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. एकोणऐंशी साली बावीस वर्षांच्या शब्बीरला त्यांनीच व्हिसा काढून आणलं होतं, पहिले सहा महिने स्वतःच्या खोलीत झोपवलं होतं, आपल्या ताटातलं जेवू घातलं होतं. शब्बीरच्या घरात सुख म्हणून जे काही होतं, म्हणजे नूरबानोचा फॅमिली व्हिसा, इसा टाउनच्या शाळेत नववीत शिकणारी सदफ, दोन खोल्यांचा फ्लॅट, त्या सगळ्याची पहिली वीट हारूनमामूंची होती. आणखी दोन वर्षं शिवणकाम करायचं आणि खदिजामामीकडे कायमचं परत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

त्यांना विमानतळावर आणायला बहरीनमधल्या गावकऱ्यांच्या जमातीचा सेक्रेटरी इक्बाल गेला होता. दुपारी तो एकटाच दुकानात आला. त्याचा चेहरा पाहून शब्बीरला वाटलं, मामूंना विमानात काही झालं.

“मामूला पकडला,” इक्बाल म्हणाला. “ब्यागेत गांजाच्या सिगारेटी मिळाल्या. चाळीस. डब्यात. कस्टमवाला बोल्ला, आज सकाळी वळल्यासारख्या ताज्या.”

शब्बीरच्या हातात त्या वेळी एक रिकामा डबा होता. तो त्याने हळूच काउंटरवर ठेवला.

“लाल पट्टी होती?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“आपल्या गावच्या सगळ्याच डब्यांना लाल पट्टी असते. असा काय विचारतोस?”

दोन दिवसांनी पोलीस आले. एक अरब अधिकारी आणि एक उर्दू बोलणारा हवालदार. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला डबा काउंटरवर ठेवला. सूकमधल्या प्रत्येक डबेवाल्याकडे ते जात होते. पट्टी अर्धवट सोललेली होती आणि तिच्या टोकाला दुमडलेला कान तसाच होता. आत कागदाच्या घड्याही तशाच, थराथराने. शब्बीरने शिकवलेलं फराजने अगदी मन लावून केलं होतं.

“ये डब्बा आपके यहाँ का है?”

“ऐसा डब्बा तो पूरे सूक में मिलता है, साब.”

“किसने लिया, कुछ याद है?”

“मफी,” नाही, असं शब्बीर अधिकाऱ्याकडे बघून अरबीत म्हणाला. “रोज पचास लोग ले जाते हैं.”

त्याचं पहिलं वाक्य तर सोळा आणे खरं होतं. खऱ्या वाक्यात इतकं मोठं खोटं मावतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. हवालदाराने पिशवी उचलली आणि “खलास, यल्ला”, म्हणजे झालं, चला, असं म्हणत दोघे पुढच्या दुकानात गेले.

संध्याकाळी फराजचा फोन आला. त्याने धमकी दिली नाही. फक्त म्हणाला, “शब्बीरभाय, मी बुडालो तर डबा कुणी शिकवला, तेही निघंल. तुझी पोरगी शाळेत हाय.” महिन्याच्या आत त्याने हॉटेल सोडलं. कुणी म्हणे दुबईला गेला, कुणी म्हणे मस्कतला. पुन्हा तो कुणाला दिसला नाही.

इक्बालने जमातीतून वर्गणी काढून वकील दिला. वकिलाचं म्हणणं असं, की हा डबा कुणाचा, हे सांगणारा एक जरी माणूस पुढे आला तर म्हातारा सुटेल. “पण मामू तोंडच उघडत नाय,” इक्बाल कपाळाला हात लावून सांगायचा. “डबा मुंबईला कुणीतरी दिला, नाव ठाव नाय, असाच बोलतो. आपल्या गावचा कोण असंल तर सांगा म्हटला तर मान फिरवतो. त्याच्या मनात काय हाय, अल्लाला ठाव.”

शब्बीर ऐकून घ्यायचा. मामूंना फराजचं नाव माहीत नाही, एवढंच त्याने त्यातून काढलं. म्हणजे ते नाव सांगू शकणारा सगळ्या बहरीनमध्ये एकच माणूस होता, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. सदफची परीक्षा मार्चमध्ये. परीक्षा होऊ दे, मग जाऊ. मग ईद आली. ईद होऊ दे, मग जाऊ. नूरबानोशी बोलून ठरवू, असंही तो स्वतःला सांगायचा. पण तिच्याशी बोलला नाही, कारण ती काय म्हणेल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली असती, चप्पल घाल आणि जा. लोक म्हणतात बायकापोरांसाठी माणूस भ्याड होतो. शब्बीरने बायकोला न विचारताच तिच्या नावावर भ्याडपणा केला. एप्रिलमध्ये हारूनमामूंना तीन वर्षांची शिक्षा झाली.

तो त्यांना एकदाच भेटायला गेला, इक्बालबरोबर. जाळीपलीकडे मामू बारीक झालेले दिसले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. इक्बालने जमातीची खबरबात सांगितली. मामूंचं लक्ष शब्बीरकडे होतं.

“सदफ कशी हाय? शाळेत जाते ना?”

“जाते, मामू.”

“तिची शाळा सुटता कामा नाय. बाकी सगळा होतो.”

त्यांना जेलात बसून आपल्या पोरीची काळजी, या विचाराने शब्बीरला रडू आलं. परत येताना गाडीत इक्बालने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘तुझा फार जीव हाय मामूवर,’ असंही म्हणाला. शब्बीर पुन्हा भेटायला गेला नाही. खदिजामामीला दर महिन्याला काही ना काही पाठवत राहिला, आणि तेही जमातीच्या नावाने.

सदफ दहावी झाली, बारावी झाली. सीफला समुद्रात भराव टाकून मोठाले मॉल उभे राहिले. शब्बीर डबे विकत राहिला, पण कुणी सल्ला विचारला तर म्हणायचा, “तुम्हाला जो बरा वाटेल तो घ्या.”

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तो गावी गेला. हारूनमामूंना शिक्षा संपल्यावर फेब्रुवारीतच परत पाठवलं होतं. बहरीनचा व्हिसा आता त्यांना कधीच मिळणार नव्हता. गावात त्यांच्या अटकेची कुजबुज आता थांबली होती, पण लग्नकार्यात त्यांना पुढे बसवत नसत. शब्बीर दोन दिवस घरातच रेंगाळला, तिसऱ्या दिवशी सकाळी खजुराचा डबा घेऊन गेला. डबा भरताना हातांनी आपसूकच लाल पट्टीचे तीन वेढे घातले होते आणि टोकाचा कान केला होता. जित्याची खोड.

मामू पडवीत बसले होते. दिसणं फारच कमी झालं होतं, शिवणयंत्रावर गोणपाट टाकलेलं होतं. त्यांनी शब्बीरला आवाजावरून ओळखलं, जवळ बसवलं, डबा मांडीवर घेतला. बोटांनी कडेने चाचपत पट्टीचा कान शोधला आणि एका ओढीत पट्टी सोडवली.

“तीच घडी,” ते हसले. “आंधळ्यालाही उघडता येते.” त्यांनी एक खजूर तोंडात टाकला. “सदफ बारावी झाली?”

“झाली, मामू. पुढं कालेजला घालतोय.”

“मग झाला तर. माझी तीन वर्षं फुकट नाय गेली.”

शब्बीरला क्षणभर काही समजलं नाही. आणि मग एकदम सगळंच समजलं.

मामू शांतपणे बोलत होते. निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी पोर डबा ठेवून गेला, खदिजाला म्हणाला, शब्बीरभायच्या दुकानावर द्यायचा. शब्बीरची पट्टी, शब्बीरची घडी. उघडून बघायचा प्रश्नच नव्हता. विमानतळावर त्यातून ते निघालं तेव्हा मामूंना वाटलं, शब्बीर कुठल्या तरी अडचणीत सापडला असेल. मोहात पडला असेल. शब्बीरचं नाव घेतलं तर बायको-पोरीसकट परत, पोरीची शाळा बंद, आणि एकोणऐंशीपासून उभं केलेलं सगळं एका दिवसात खाली. आपलं काय, दोन वर्षं राहिली होती.

“तू एकदाच भेटायला आलास, तेव्हा रडलास,” ते म्हणाले. “मी तेव्हाच माफ केला तुना. बोलू नको आता काय. माणसाच्या हातून होतो.”

तो तिथेच गप्प बसू शकला असता. मान खाली घालून, त्यांचे हात हातात घेऊन, न केलेला गुन्हा पदरात घेऊ शकला असता. त्या म्हाताऱ्याकडे त्या तीन वर्षांतलं तेवढंच काय ते उरलं होतं, की आपण एक घर वाचवलं. पण शब्बीरला ते सहन झालं नाही. गांजा विकणारा म्हणून माफी मिळतेय, याची त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेपायी, तीन वर्षं जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलेला हा माणूस नेमका तिथे बोलला.

“मामू, तो डबा माझा नव्हता.”

मामूंनी खजुराची बी तळहातावर काढली. “तुझा नव्हता?”

“फराजचा होता. मी त्याला शिकवला होता, कसा भरायचा तो. पोलीस दुकानात आले, तेव्हाच मना ठाव होता. मी बोल्लो नाय.”

खदिजामामी चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच कप धरून उभी राहिली. डबा घेणारी तीच होती, ‘शब्बीरच्या दुकानावर’ हा निरोप सांगणारीही तीच. मामू रागावतील, शिव्या देतील, हाकलून देतील, असं शब्बीरला वाटत होतं. त्याची ते सगळं घ्यायची तयारी होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि आवाज जिथून येत होता तिकडे तोंड केलं.

“फराज,” ते म्हणाले. जणू गावात त्या नावाचा कोण, हे आठवून बघत होते. “हॉटेलातला?”

“हो.”

“मग मी तीन वर्षं कुणासाठी बसलो रे?”

त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत ते तसेच बसले. बोटं डब्याच्या कडेवरून फिरत होती, सुटलेली पट्टी पुन्हा होती तशी बसते का ते बघत होती, पण एकदा निघालेली पट्टी पुन्हा चिकटत नाही. शब्बीरला ते माहीत होतं.